वजन कमी करताना कॅलरी कमी पडतात? रोजचा आकडा चांगल्या खाण्यातून कसा गाठायचा

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जेवण आटोपलंय, ओटा पुसून झालाय आणि फोनमधलं अ‍ॅप सांगतंय की आजच्या अजून ५०० कॅलरी शिल्लक आहेत. पोट मात्र तुडुंब. वजन कमी करायला घेतलं तेव्हा पहिले दोन महिने माझी जवळजवळ प्रत्येक रात्र अशीच संपायची. शिल्लक आकडा बघून मला बरंच वाटायचं. जितकं कमी खाऊ तितकं वजन लवकर उतरेल, असं मी धरूनच चालले होते.

तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. दोन जिने चढले की पाय गळून जायचे, दुपारी चारच्या सुमारास हात गार पडायचे. आणि दिवसभर निग्रहाने राहिलेली मी आठवड्यातून दोनदा तरी रात्री अकराला बिस्किटांचा पुडा उघडून उभ्या उभ्या संपवत होते. त्याची नोंद मी करत नसे.

तळलेलं, गोड, पाकीटबंद खाणं सोडलं, ताटात भाज्या आणि फळं वाढवली आणि आता ठरवलेल्या कॅलरीही पुऱ्या होत नाहीत, अशा अवस्थेत तुम्ही असाल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. मी आहारतज्ज्ञ नाही. या वाटेवर मी जिथे जिथे अडखळले, ती ठिकाणं तुम्हाला आधीच दाखवून ठेवते.

सुरुवातीला काय जवळ हवं

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. बाकी काही नसलं तरी हा हवाच.
- मोजमापाचे चमचे: ५ मिलीचा लहान आणि १५ मिलीचा मोठा.
- स्वतःचं वजन करायचा काटा आणि कंबर मोजायला टेप.
- नोंदीसाठी वही किंवा अ‍ॅप. दोन्ही सारखंच काम करतात.
- गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. थकवा कमी खाण्याचा आहे की दुसऱ्याच कशाचा, हे ओळखायला उपयोगी पडतात.

## १. आधी स्वतःचा आकडा काढा

अ‍ॅपने दिलेला किंवा मैत्रिणीचा आकडा आपला म्हणून घेऊ नका. १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र आजही सर्रास वापरलं जातं आणि ते घरी बसून करता येतं.

वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंटिमीटर) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. येणाऱ्या उत्तरात पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. ही झाली नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणारी ऊर्जा. मग हालचालीप्रमाणे गुणायचं: बैठं काम असेल तर १.२, आठवड्यात दोन-तीन दिवस व्यायाम किंवा रोज थोडं चालणं असेल तर १.३७५, नियमित मध्यम व्यायाम असेल तर १.५५.

माझं उदाहरण घ्या. वजन ७४, उंची १६०, वय ३५. ७४० अधिक १०००, वजा १७५, वजा १६१ म्हणजे १४०४. त्याला १.३७५ ने गुणलं की साधारण १९३०. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील. त्यातून ४०० वजा केले, १५३० आले, मी सोयीसाठी १५५० धरले.

तूट ३०० ते ५०० च्या दरम्यान ठेवा. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. त्या हिशेबाने रोज ५०० ची तूट म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो. प्रत्यक्षात उतार इतका सरळ नसतो, पण अंदाजाला पुरतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. ती शेवटची मर्यादा आहे. तिलाच लक्ष्य समजू नका.

इथे दोन गफलती हमखास होतात. पाकिटावर ऊर्जा किलोज्यूलमध्ये लिहिलेली असेल तर त्या आकड्याला ४.२ ने भागा, तेव्हा कॅलरी मिळतील. दुसरी व्यायामाची. हालचालीचा गुणक वर धरला असेल, तर घड्याळाने दाखवलेल्या 'जाळलेल्या' कॅलरी पुन्हा मिळवू नका. तसं केलं तर एकच चालणं दोनदा मोजलं जातं.

## २. खरंच कमी पडतंय का, हे सात दिवस तपासा

ही पायरी गाळावीशी वाटेल. गाळू नका. आकडा पुरा होत नाही असं वाटणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खाणं कमी नसतं, नोंद कमी असते. १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. १२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणारी माणसं त्यात होती. प्रत्यक्ष तपासल्यावर त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवलेलं निघालं. ती खोटं बोलत नव्हती. डोळ्यांचा अंदाज असाच चुकतो.

सर्वांत जास्त चुकतं ते तेल. मी नोंदीत रोज 'भाजी, तेल एक चमचा' असं लिहीत होते. एका सकाळी तेलाची बाटली काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला, बाटली उचलली, नेहमीसारखं कढईत तेल ओतलं आणि बाटली परत ठेवली. काट्यावर आलं उणे २२. म्हणजे २२ ग्रॅम तेल, जवळपास १९५ कॅलरी. नोंदीत मी ४० लिहीत होते. बाटली ठेवून उणे आकडा वाचायची ही युक्ती मध, लोणी, पीनट बटर अशा चिकट, ओघळणाऱ्या प्रत्येक गोष्टीला चालते आणि चमचाही खराब होत नाही.

दुसरी मोठी चूक कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात १३०. ताटातला १५० ग्रॅम भात अ‍ॅपमध्ये 'तांदूळ १५०' म्हणून टाकला की १९५ च्या जागी ५४० दिसतात. डाळीचं उलटंही होतं: ५० ग्रॅम कोरडी डाळ घेऊन 'शिजलेली डाळ ५०' निवडलं तर सुमारे १७५ च्या जागी ५८ पडतात. एक पद्धत धरा. मी सगळं कोरडं असतानाच मोजते आणि घरात वाटण्या झाल्या की शिजलेल्या वजनाच्या प्रमाणात माझा वाटा काढते.

त्या सात दिवसांत नेहमीसारखंच खा. फक्त सगळं लिहा: चहातलं दूध, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चव बघताना तोंडात गेलेलं, रात्रीची बिस्किटं. माझ्या आठवड्यात काय निघालं ते सांगते. अ‍ॅपमध्ये आधी रोज १०५० दिसत होते. तेल आणि दूध धरल्यावर ते १२५० झाले. ज्या दोन रात्री बिस्किटं झाली, त्या दिवशी आकडा १८५० वर गेला. आठवड्याची सरासरी आली १४२० च्या आसपास. म्हणजे हाल १२५० चे भोगत होते आणि पदरात मात्र १४२० चा उतार पडत होता.

तुमच्या सात दिवसांची सरासरी ठरवलेल्या आकड्याच्या शंभरेक कॅलरी अलीकडे-पलीकडे असेल तर काही बदलू नका. पुढचं वाचायचं ते दीड-दोनशेहून जास्त कमी पडत असेल तरच.

## ३. पोट भरतं आणि आकडा मात्र भरत नाही, असं का

काकडीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १५ कॅलरी, टोमॅटोत १८, पालकात २३, कोबीत २५. मोठा वाडगा भरून ३०० ग्रॅम कोशिंबीर खाल्ली तरी बिनतेलाची असेल तर साठ-सत्तर कॅलरींच्या पुढे जात नाही. पोटाला पाणी आणि तंतू भरपूर मिळतात, ते ताणलं जातं, भूक मरते. वजन कमी करताना हाच भाज्यांचा मोठा गुण आहे. पण सगळं ताटच त्यांनी भरलं की उरलेल्याला जागा राहत नाही.

याच्या उलट टोकाला स्निग्ध पदार्थ. एक ग्रॅम प्रोटीनमध्ये ४ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकांत ४, एक ग्रॅम चरबीत ९. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या पद्धतीचा पाया घातला, तीच ही ४-९-४ ची पद्धत आजही पाकिटांवरच्या आकड्यांमागे आहे. 'हेल्दी' म्हणून आपण तेल, सुकामेवा, पूर्ण स्निग्धांशाचं दूध, अंड्यातला पिवळा भाग हे सगळं एकदम काढून टाकतो आणि जागा काकडीला देतो. खड्डा पडतो तो तिथे.

अर्धपोटी राहिल्याने माणसाचं काय होतं, याचं फार स्पष्ट चित्र १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळालं. अ‍ॅन्सेल कीज यांच्या प्रयोगात ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहभागी झाले. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरी मिळत होत्या, त्यांच्या गरजेच्या जवळपास निम्म्या, आणि चालणं भरपूर होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, सतत थंडी वाजायची, दिवसरात्र डोक्यात खाण्याचेच विचार. हे वाचलं तेव्हा रात्री अकराच्या बिस्किटांसाठी मी स्वतःला देत असलेला दोष बंद केला. तो मनाचा कमकुवतपणा नव्हता. शरीर आपलं येणं वसूल करत होतं.

## ४. कसर कशातून भरायची

आता मुख्य काम. समजा ३०० कॅलरी कमी पडताहेत. ताटाचा आकार न वाढवता त्या आणायच्या. मी या क्रमाने जाते.

पहिलं प्रोटीन. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. ते रोखायला पुरेसं प्रोटीन आणि थोडा ताकदीचा व्यायाम लागतो. दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम हे साधारण लक्ष्य ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. एका मोठ्या अंड्यात सुमारे ७२ कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रोटीन. शिजलेल्या २०० ग्रॅम डाळीत २३० कॅलरी आणि १८ ग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम हरभऱ्यात १६४ कॅलरी आणि जवळपास ९ ग्रॅम. मांसाहार करत असाल तर शिजलेल्या १०० ग्रॅम बिनकातड्याच्या चिकन ब्रेस्टमध्ये १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम. फक्त पांढरं खाऊन पिवळा बलक टाकत असाल तर त्याच्याबरोबर अंड्यातल्या बहुतेक कॅलरी आणि अर्ध्याच्या जवळपास प्रोटीनही टाकताय.

मग स्निग्ध. एवढीशी जागा आणि भरघोस कॅलरी. कोशिंबिरीवर लहान चमचा तेल घातलं की ४० मिळतात आणि भाजीतली अ, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं शोषली जायला मदतही होते. १५ ग्रॅम बदाम, म्हणजे डझनभर, सुमारे ८५. मोठे दोन चमचे पीनट बटर १९०. तीळ, जवस, भोपळ्याच्या बिया कशावरही भुरभुरवता येतात. सुकामेवा मात्र मोजूनच वाटीत काढा. पुडा मांडीवर घेऊन बसलं की ३०० ची कसर बघता बघता ६०० ची होते. बदामांच्या बाबतीत एक गमतीची माहिती आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्ष मिळणाऱ्या कॅलरी पाकिटावरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच कमी निघाल्या, कारण न फुटलेल्या पेशींतली चरबी पचतच नाही. आकडे शेवटी अंदाजच असतात. वीस-तीस कॅलरींसाठी जीव काढू नका.

कर्बोदकांना घाबरू नका. उकडलेला १५० ग्रॅम बटाटा १३० कॅलरींचा असतो आणि पोटाला मोठा आधार देतो. मध्यम केळं १०५, ४० ग्रॅम ओट्स १५०. मी भात पूर्ण बंद केला होता. तो परत आणल्यावर दुपारची गळून जाण्याची वेळच आली नाही.

खाणं जात नसेल तर प्या. पातळ पदार्थ पोटात जड वाटत नाहीत. २५० मिली पूर्ण दूध, एक केळं, ३० ग्रॅम ओट्स आणि मोठा चमचाभर पीनट बटर मिक्सरमधून काढलं की ४७० कॅलरींचा ग्लास तयार होतो. एरवी वजन कमी करणाऱ्याने जपून राहावं अशीच ही गोष्ट आहे, पण तुमचा प्रश्न उलटा आहे. भूक कमी करणारी औषधं, सेमाग्लुटाइडसारखी, चालू असलेल्यांना असं पातळ खाणं विशेष सोयीचं पडतं. मात्र त्यांनी हे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच करावं.

'आकडाच गाठायचाय ना' म्हणून शेवटच्या ३०० कॅलरी रोज आइस्क्रीमने भरू नका. कधीतरी खाल्लं तर बिघडत नाही. पण कमी कॅलरींच्या दिवसात लोह, कॅल्शियम, प्रोटीन बसवायला आधीच जागा थोडी असते.

## ५. हिशेब सकाळी मांडा

माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक पडला तो याने. रात्री साडेनऊला ५०० शिल्लक दिसल्यावर काहीच चांगलं सुचत नाही. म्हणून दिवसाचं खाणं आदल्या रात्री किंवा सकाळीच नोंदवून टाका. कमी पडत असेल तर तेव्हाच दिसतं आणि दुरुस्त करायला चार जेवणं हातात असतात. दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्याहून जास्त कॅलरी झालेल्या असाव्यात, एवढा एकच नियम मी पाळते.

माझा एक सरळ दिवस असा. सकाळी ४० ग्रॅम ओट्स, २५० मिली दूध, १५ ग्रॅम बदाम: ३९०. अकराला केळं: १०५. दुपारी शिजलेला भात १२० ग्रॅम, शिजलेली डाळ २५० ग्रॅम, भाजी २०० ग्रॅम, सगळ्यात मिळून तेल १० ग्रॅम, दही १०० ग्रॅम: ६५५. रात्री तीन अंडी, १५० ग्रॅम उकडलेला बटाटा, १५० ग्रॅम कोशिंबीर, तेल ५ ग्रॅम: ४२०. बेरीज १५७०, प्रोटीन सत्तरच्या थोडं वर. ताटं एकही अवाढव्य नाही.

भाजी आधी खाऊन पोट भरत असेल तर क्रम बदला. आधी डाळ किंवा अंडी, मग भात-बटाटा, कोशिंबीर शेवटी. जेवणाआधी मोठा ग्लास पाणी पिण्याचा सल्ला भूक आवरायला असतो. तुम्हाला तो सध्या लागू नाही.

## ६. हळूहळू वाढवा, आणि काटा वर गेला तर हाय खाऊ नका

एकदम ३०० वाढवू नका. आठवड्याला शंभर पुरेत. पोटालाही सवय लागते.

पहिल्याच आठवड्यात माझं वजन ८०० ग्रॅमने वाढलं आणि मी सगळं सोडून परत काकडीवर यायला निघाले होते. मग कारण समजलं. कर्बोदकं वाढली की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन साठतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. ८०० ग्रॅम चरबी चढायला गरजेच्या वर सहा हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागल्या असत्या. मी तर अजून तुटीतच होते. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची सरासरीशीच करा. मीठ, पाळी, पोट साफ होणं-न होणं यांनी एक-दोन किलोंचा हेलकावा सहज येतो. चौथ्या आठवड्यापासून माझी सरासरी पुन्हा खाली यायला लागली, आणि रात्रीची बिस्किटं मात्र बंद झाली होती. केस गळणं थांबायला आणखी तीन महिने लागले. केसांचं चक्रच संथ असतं, कमी खाल्ल्याचा परिणामही त्यांच्यावर दोन-तीन महिन्यांनी दिसतो.

## ७. कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचं

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय अठराच्या आत असेल, तर स्वतःहून तूट ठेवू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं बदलताना औषधाची मात्राही बदलावी लागू शकते. ते आधी विचारा. पाळी चुकायला लागली, चक्कर येते, आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरतंय, उजव्या बरगडीखाली कळा येतात, यातलं काहीही असलं तर वाट बघू नका. फार वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

आणि एक मनापासून सांगते. खाण्याच्या विकाराचा त्रास पूर्वी होऊन गेला असेल, किंवा आकडा चुकला म्हणून रडू येतंय, चारचौघांत जेवायला नको वाटतंय, असं व्हायला लागलं तर काटा आणि अ‍ॅप दोन्ही बाजूला ठेवा आणि जाणकाराची मदत घ्या. मोजणं सगळ्यांना मानवत नाही.

## ८. दर चार-पाच किलोंनी आकडा पुन्हा काढा

शरीर हलकं झालं की त्याची गरजही थोडी कमी होते. किती, ते अंदाजाने ठरवू नका. पहिल्या पायरीतलं सूत्र पुन्हा मांडा. मी ६८ किलोंवर आले तेव्हा मला वाटलं होतं की आता बरंच काही सोडावं लागणार. सूत्रात ६८ घातल्यावर १३४४ आले, १.३७५ ने गुणून १८४८, त्यातून ४०० गेले की १४४८. आधीच्या १५३० शी ताडून पाहिलं तर जेमतेम ८० चा फरक. आता ज्या दिवशी चालायला जाणं होत नाही, त्या दिवशी अकराचं केळं खात नाही. बाकीचं ताट आहे तसंच आहे.